गीता मनन : अध्याय ३, श्लोक १२ आणि १३ – न देता खाणारा



मागच्या वेळी अकराव्या श्लोकापाशी थांबलो होतो. माणसांनी देवांना पोसावं, देवांनी माणसांना पोसावं आणि अशा एकमेकांना पोसण्यातून दोघांचं भलं व्हावं, असं तिथं प्रजापती सांगतो. आज बारावा आणि तेरावा. दोन्ही श्लोक लहान आहेत, शब्द सोपे आहेत, अर्थ कुठं अडत नाही. तरीही गेले चार दिवस मी ते पुढं ढकलत होतो. मध्ये एकादशी आली, मग पाहुणे आले, मग डोळ्यांचं निमित्त काढलं. एक-दोन वाचकांनी फोन करून विचारलंसुद्धा, "गुरुजी, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. कारण वेगळं होतं, ते आज लिहितो.

आधी अर्थ बघू. बाराव्यात भगवंत म्हणतात, यज्ञानं संतुष्ट झालेले देव तुम्हाला हवे ते भोग देतील. पण त्यांनी दिलेलं त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो, तो चोरच. तेराव्यात म्हणतात, यज्ञ करून उरलेलं खाणारे सज्जन पापातून सुटतात, आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात.

आता त्या 'चोर' शब्दाकडे जरा नीट बघा. आपण चोर कुणाला म्हणतो? दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलणाऱ्याला. इथं तसं काही झालेलं नाही. वस्तू देवांनी आपणहून दिली आहे, खुशीनं दिली आहे. घेणाऱ्यानं कुलूप फोडलेलं नाही की भिंत ओलांडलेली नाही. तरी भगवंत त्याला चोर म्हणतात. म्हणजे चोरी घेण्यात नाही, परत न करण्यात आहे. पाऊस पडला, विहीर भरली, आपण पाणी काढलं, पीक आलं. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पुढं काय केलं, एवढाच प्रश्न आहे.

आमची आई निरक्षर होती. तिनं गीता कधी वाचली नाही. पण चुलीवरची पहिली भाकरी गाईची, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. दळायला बसली की मूठभर दाणे बाजूला पडायचे, दारात येईल त्याच्यासाठी. दुष्काळाच्या साली त्या मुठीची चिमूट झाली, पण चिमूट सुटली नाही. तेराव्या श्लोकाचं भाष्य मला पुस्तकाच्या आधी त्या जात्यापाशी मिळालं. स्वतःपुरतं शिजवणं म्हणजे काय, हे तिला विचारलं असतं तर ती हसली असती. तसं कुणी शिजवतं का, म्हणाली असती.

'यज्ञ' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे होमकुंड आणि तुपाची धार येते. ज्ञानेश्वर महाराजांनी या ठिकाणी यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा लावला. ज्याच्या वाट्याला जे काम आलं ते त्यानं नीट करावं, तोच त्याचा नित्य यज्ञ. विनोबांनी तो अर्थ आणखी जमिनीवर आणला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपल्याला माहीत आहे. त्यात सतराव्या अध्यायाच्या प्रवचनात यज्ञ, दान आणि तप यांची फोड आहे. आपण सृष्टी वापरतो, तिची झीज होते. ती झीज भरून काढणं म्हणजे यज्ञ. समाजाचं ऋण फेडणं म्हणजे दान. शरीराची झीज भरून काढणं म्हणजे तप. हे वाचल्यापासून मला होमापेक्षा शेणखताची पाटी अधिक यज्ञासारखी वाटते. शेतातून पोतं नेलं तर पाटी परत आणून टाकायची, इतकं ते साधं आहे.

साधं आहे म्हणून सोपं आहे असं मात्र नाही. आता माझ्या चार दिवसांकडे येतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. निवृत्त झालो तेव्हा हाताशी पैसे होते. तीन एकर डाळिंब लावलं. विहिरीचं पाणी मार्चात बसायचं म्हणून बोअर मारला. साडेतीनशे फुटांवर चांगलं पाणी लागलं. गावात पेढे वाटले, देवाला नारळ फोडला. दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या चुलतभावाची, आबांची, विहीर आटली. त्यांची विहीर माझ्या बोअरपासून दोनशे पावलांवर. वडिलोपार्जित, दगडात बांधलेली. मोटेच्या काळापासून कधी तळ न दिसलेली. आमच्याकडचा खडक काळा, कठीण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. भेग कुठून कुठं जाते ते कुणाला दिसत नाही. सात-बारा जमिनीवर चालतो, जमिनीखाली चालत नाही. माझ्या बोअरनं आबांच्या विहिरीचं पाणी ओढलं, हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. तेही करू शकणार नाहीत. पण दोघांनाही माहीत आहे.

तीन वर्षं झाली. आबा काही बोलले नाहीत. लग्नकार्यात भेटलो, जेवलो, सगळं रीतीप्रमाणे. मीही बोललो नाही. मनात म्हणायचो, माझी जमीन, माझे पैसे, कायद्यात बसतं, झालं.

यंदा गावातल्या तरुण पोरांनी एक काम काढलं. बांधबंदिस्ती झाली, ओढ्यावर दोन बंधारे झाले, श्रमदानाला मीही गेलो. फोटोत पुढंच उभा आहे. पण पोरं तिथं थांबली नाहीत. म्हणाली, पाणी अडवलं ते सगळ्यांनी, मग वाटायचंही सगळ्यांनी. देवळात बैठक झाली आणि त्यांनी नियम मांडला : शेतीसाठी बोअर बंद, विहिरींचं पाणी गावाचं धरायचं आणि ते जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं.

हा नियम त्यांनी हवेतून आणलेला नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी तो आधी करून दाखवला आहे. साळुंखे इंजिनियर, पुण्यात कारखाना असलेला माणूस. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडताना पाहून ते अस्वस्थ झाले. पुढं १९७४ साली त्यांनी नायगावच्या देवस्थानाची उतारावरची पडीक जमीन, सुमारे १६ हेक्टर, कसायला घेतली. बांध घातले, तळं केलं, पावसाचं पाणी जिरवून त्याच उजाड माळावर पीक काढून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचले की छातीत धस्स होतं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी. एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. उसासारखी तहानलेली पिकं बंद. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, त्यामुळे जमीन विकली तर पाणी विकलं जात नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्याचा वाटा. त्यानं दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसावी, पाणी त्याचं स्वतःचं.

देवाची पडीक जमीन हिरवी करणं आणि तिथून निघालेलं पाणी भूमिहीनालाही मोजून देणं, यापेक्षा बाराव्या श्लोकाची वेगळी टीका मला तरी माहीत नाही.

पण मंडळी, टीका वाचणं वेगळं आणि तिच्यात आपलं नाव घालून हिशेब करणं वेगळं. देवळात बसल्याबसल्या मी बोटं मोजली. घरात आम्ही दोघं. मुलं पुण्यात. दोन माणसं, अर्धा एकर गुणिले दोन, म्हणजे एक एकर. बाग तीन एकर. मला दोन एकर झाडांवर पाणी सोडावं लागेल. आणि समोर खांबाला टेकून बसलेला, गुंठाभर जमीन नसलेला आमचा जुना विद्यार्थी, त्याच्या घरात पाच माणसं, म्हणून त्याला अडीच एकराचं पाणी.

सगळ्यांनी होकार दिला. मी गप्प बसलो. पोरांनी ठरवलेलं होतं की निर्णय बहुमतानं करायचा नाही, सगळ्यांच्या सहमतीनं करायचा. त्यामुळे माझ्या एका गप्प बसण्यानं निर्णय अडला. कुणी आवाज चढवला नाही. "गुरुजींना विचार करू द्या," म्हणाले, आणि पुढची तारीख दिली. घरी आलो, गीता उघडली तर समोर बारावा श्लोक.

सर्वसहमतीची ही गोष्ट त्यांनी गडचिरोलीतल्या मेंढा गावाकडून घेतली. धानोरा तालुक्यात, लेखा गावाजवळ आहे म्हणून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. गोंड आदिवासींचं छोटं गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा आपण ऐकली असेल. देवाजी तोफा हे तिथलं नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती होते. त्यांची पद्धत अशी की अभ्यासगटात बसून नुसती चर्चा करायची, तिथं काही ठरवायचं नाही. ठरवायचं ते ग्रामसभेत, बायका-पुरुष सगळ्यांनी मिळून. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. हात वर करून मोजणी नाही. अशा सावकाश चालणाऱ्या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. देशात असा हक्क पदरात पाडून घेणाऱ्या पहिल्या गावांत त्यांची गणना होते. २०१३ मध्ये त्यांनी गावाची सगळी जमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, ग्रामदान म्हणून.

ग्रामदान म्हणजे पुन्हा विनोबाच. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत हरिजनांनी कसायला जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी तिथल्या तिथं शंभर एकर दिली. तिथून भूदान निघालं. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातलं मंगरौठ हे पहिलं ग्रामदान. नंतर विनोबांनी सुलभ ग्रामदान सांगितलं : जमिनीची मालकी गावाची, विसावा हिस्सा भूमिहीनाला, बाकी ज्याची त्यानं कसायची पण गावाबाहेर विकायची नाही, आणि पिकाचा चाळिसावा हिस्सा, मजुरी करणाऱ्यानं महिन्यातली एक दिवसाची कमाई, गावाच्या कोषात. खरं सांगायचं तर पुढच्या काळात कितीतरी ग्रामदानं कागदावरच राहिली. त्या वेळी ज्यांनी उत्साहात सह्या दिल्या, त्यांच्यातले किती जण दुसऱ्या दिवशी बोटं मोजत बसले असतील, ते मला आता चांगलं कळतं. म्हणूनच साठ वर्षांनी एखादं गाव त्या वाटेला पुन्हा लागतं, तेव्हा ते माझ्या लेखी फार मोठं वाटतं.

मेंढ्याच्या लोकांनी गीता वाचून हे केलं, असं मला म्हणायचं नाही. त्यांचे देव वेगळे, त्यांची जंगलाशी असलेली नाती आपल्या पोथ्यांपेक्षा जुनी. आपल्या श्लोकाचं लेबल दुसऱ्याच्या कामाला चिकटवणं हीही एक प्रकारची न देता खाण्याची रीत आहे. मी उलट म्हणेन, तेरावा श्लोक समजून घ्यायला मला त्यांच्याकडे बघावं लागतं.

आणखी एक. पूर्वीची गावं कशी एकोप्यानं राहायची, असं बैठकीत आमच्या वयाच्या एक-दोघांनी सुरू केलं. मीही मान हलवली. तेवढ्यात तो खांबाला टेकलेला विद्यार्थी हळूच म्हणाला, "गुरुजी, एकोपा होता, पण आमचा आजा तुमच्या आडावर चढू शकत नव्हता." देवळात शांतता झाली. त्याचं खरं आहे. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, ते तळंही सार्वजनिकच होतं. आमच्या आईच्या जात्यापाशी पडणारी मूठ खरी होती, आणि त्याच घराचा आड काहींना बंद होता, हेही खरं होतं. दोन्ही मी पाहिलं आहे. तेव्हा जुनं गाव परत आणू, असं पुन्हा म्हणणार नाही. माणशी पाणी हा नियम जुन्या गावात कधीच नव्हता.

त्या रात्री बायकोला श्लोक वाचून दाखवला. म्हटलं, इथं 'चोर' शब्द जरा कडक आहे, ब्लॉगवर कसा लिहावा? एखादा सौम्य शब्द बघतो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, देवानं चोर म्हटलंय तर चोर लिहा. तुम्हाला कुठं टोचतंय ते आधी बघा." मग थोड्या वेळानं, "आबांच्या घरी जाऊन या एकदा. तीन वर्षं झाली."

काल संध्याकाळी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं. चहा आला. पावसाचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. शेवटी मीच विहिरीचा विषय काढला. म्हटलं, "आबा, बोअरमुळं तुमचं पाणी गेलं असावं, असं वाटतंय मला." त्यांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, "मास्तर, पाणी कुठनं कुठं गेलं ते देवाला ठावं. पन मारायच्या आधी तुम्ही इचारलं न्हाय मला. इचारलं असतं तर मी 'मारा' म्हणालो असतो."

मला यावर काही बोलता आलं नाही. तीन वर्षं मी पाण्याचा हिशेब करत होतो, त्यांचा हिशेब दुसराच होता. यज्ञचक्राबद्दल गेले पंधरा दिवस इथं लिहितोय. देव, माणूस, अन्न, पाऊस, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, असं मोठ्या तोंडानं सांगतोय. आणि दोनशे पावलांवरच्या विहिरीच्या मालकाला विचारायचं सुचलं नाही.

ते उठले, मला विहिरीवर घेऊन गेले. काठावर उभं राहून खाली पाहिलं. तळाला शेवाळ वाळून खपल्या धरलेल्या, एका कोपऱ्यात कबुतरांची घरटी. आबा म्हणाले, "पोरं म्हनत्यात दोन पावसात पानी येईल वर. मी असंन का नसंन." मग हसले. "तुम्ही बघा."

बागेचं काय करायचं ते अजून पुरतं ठरलेलं नाही. या बहाराची फळं झाडावर आहेत, कर्ज आहे, ते लपवत नाही. एक एकर ठेवून दोन एकरांवर ज्वारी-हरभरा घ्यावा, असं कागदावर मांडून पाहिलं. उत्पन्न निम्म्यावर येतं. पेन्शन आहे, उपाशी मरणार नाही. पोरांना विचारणार आहे की एवढा बहार उतरेपर्यंत सवलत मिळेल का. नाही म्हणाले तर तेही त्यांचं चूक नाही, कारण आबांच्या विहिरीला कुणी सवलत दिली नव्हती.

शनिवारी रात्री आठ वाजता देवळात पुन्हा बैठक आहे. बोअरच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप आहे, त्याची किल्ली सोबत नेणार आहे. आबांना न्यायला मीच जाईन, त्यांना अंधारात दिसत नाही.

उद्या चौदावा श्लोक : अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न. वाचून ठेवा, आणि आपल्या विहिरीचं पाणी कुठून येतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. कुणाला काही सापडलं तर मला जरूर कळवा.

राम कृष्ण हरी.